ऑइल फिल्टर बदलला की सकाळी प्रेशरचा दिवा उशिरा विझतो: डिझेल ट्रकसाठी बाहेरचा फिल्टर निवडताना काय तपासावं

तक्रार साधारण अशी असते. ट्रकचं ऑइल बदललं, सोबत फिल्टरही नवा टाकला, गाडी दिवसभर व्यवस्थित पळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला तर ऑइल प्रेशरचा दिवा लवकर विझत नाही. इंजिनातून काही सेकंद कोरडी खडखड ऐकू येते, मग काटा चढतो आणि सगळं शांत होतं. दिवसा गरम गाडी बंद-चालू केली तर काहीच जाणवत नाही. रात्रभर उभी राहिली की सकाळी पुन्हा तेच. पुढच्या सर्व्हिसला फिल्टर बदलल्यावर कधी त्रास जातो, त्याच्या पुढच्या वेळी परत येतो. मग पंपावर संशय, बेरिंगवर संशय, ऑइलवर संशय. फिल्टर मात्र ‘नवाच आहे’ म्हणून सुटतो.

माझं मत स्पष्ट आहे. त्रास असा सर्व्हिसबरोबर येत-जात असेल तर पहिला संशय फिल्टरवरच घ्यावा, आणि त्यातही आतल्या रबराच्या पडद्यावर. बाहेरचा, म्हणजे इंजिन कंपनीचं नाव नसलेला, फिल्टर घेण्यात गैर काही नाही. इंजिन बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या फिल्टर स्वतः बनवतही नाहीत, फिल्टरवाल्या कंपनीकडून बनवून घेऊन वर आपलं नाव छापतात. गोंधळ होतो तो निवडताना. क्रॉस रेफरन्सच्या तक्त्यात (मूळ नंबरच्या जागी दुसऱ्या कंपनीचा कुठला नंबर चालतो ते दाखवणारा तक्ता) नंबर जुळला, आटे जुळले, रबर रिंग बसली, एवढ्यावर काम भागवलं जातं. बसला म्हणजे जुळला असं फिल्टरच्या बाबतीत अजिबात नसतं.

आधी दोष फिल्टरचाच आहे का ते ठरवा

डॅशबोर्डवरचा दिवा किंवा काटा सेन्सरवर चालतो आणि सेन्सर बिघडतो. म्हणून सेन्सरच्या जागी साधा मेकॅनिकल गेज लावून एक सकाळ बघा. गेजवरही प्रेशर उशिरा येत असेल तरच पुढे जा. लक्षात ठेवा, फिल्टर बदलल्यानंतरचा पहिला स्टार्ट हिशेबात धरायचा नाही. डबा रिकामा असतो, तो भरायला वेळ लागणारच. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीच्या सकाळी.

मग हे बघा की उशीर कधी होतो. फक्त लांब उभी राहिल्यावर होत असेल, तर फिल्टर आणि वरच्या ऑइलच्या वाटा रात्रीतून रिकाम्या होत आहेत. दहा मिनिटांच्या थांब्यानंतरही होत असेल, किंवा गरम इंजिनवर आयडलला (रेस न देता) प्रेशर कमीच राहत असेल, तर फिल्टर बदलून काही साधणार नाही. ती वाट वेगळी आहे, तिच्याबद्दल शेवटी लिहितो. घातलेलं ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच ग्रेडचं आहे ना, हेही आत्ताच बघून घ्या. थंडीत जास्त जाड ऑइल सगळ्याच गोष्टी लांबवतं.

एक सोपी खूण अशी. फिल्टर आडवा बसवलेला असेल, किंवा त्याचं तोंड खाली असेल, तर रात्रभर उभ्या गाडीखाली ट्रे ठेवून थंड इंजिनवरच तो सोडा. पडदा धड असेल तर रबर रिंगची पकड सुटताच ऑइल भसकन बाहेर येतं आणि काढलेला डबा हाताला जड लागतो. पडदा गेलेला असेल तर चार थेंब गळतात आणि डबा हलका निघतो. याहून पक्कं उत्तर हवं असेल तर एक सर्व्हिस ओरिजिनल फिल्टरवर काढा. ऑइल तेच ठेवा, दुसरं काही बदलू नका. उशीर गेला तर दोषी सापडला.

रबराचा पडदा

फिल्टरच्या तोंडाकडे बघितलं तर मध्ये आट्यांचं मोठं भोक आणि त्याभोवती लहान भोकांची रांग दिसते. ऑइल कडेच्या भोकांतून आत जातं, गाळणीतून पार होतं आणि मधल्या भोकातून इंजिनकडे निघतं. कडेच्या भोकांना आतून एक रबरी पडदा टेकलेला असतो. पंप चालू असताना तो आत वाकून वाट देतो, इंजिन बंद झालं की परत टेकून वाट अडवतो. त्याचं काम एवढंच की डब्यातलं ऑइल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरू नये. यालाच अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह म्हणतात.

आता क्रॉस रेफरन्सची मेख इथे आहे. काही इंजिनांवर फिल्टर हेडखाली (इंजिनवर फिल्टर जिथे फिरवून बसतो ती जागा) सरळ टांगलेला असतो, तोंड वर. तो डबा आपोआप भरलेलाच राहतो, पडदा असला काय आणि नसला काय. काहींवर तो आडवा किंवा उलटा असतो, तिथे पडद्याशिवाय डबा रिकामा होतोच. आटे आणि रबर रिंग दोन्हीकडे एकच असू शकतात. मग तक्ता बनवणारा दोन्ही इंजिनांना एकाच ओळीत टाकतो आणि बिनपडद्याचा किंवा नावापुरत्या पडद्याचा फिल्टर तुमच्या आडव्या हेडवर येऊन बसतो. कागदोपत्री काहीच चुकलेलं नसतं.

पडदा आहे पण कामाचा नाही, असंही होतं. साधारण पडदे नायट्राइल रबराचे असतात. सतत गरम ऑइलमध्ये राहून हे रबर हळूहळू कडक होतं, आणि कडक पडदा भोकांवर नीट टेकत नाही. सिलिकॉनचा पडदा उष्णता जास्त सोसतो आणि थंडीतही मऊ राहतो. फक्त रंगावरून सिलिकॉन ओळखू नका. केशरी किंवा लाल रंग कुठल्याही रबराला देता येतो. कंपनीने माहितीपत्रकात लिहिलं असेल तेच खरं धरा.

यावरून एक उपयोगी गोष्ट कळते. नवा फिल्टर टाकल्यावर दुसऱ्याच सकाळपासून उशीर होत असेल तर पडदा मुळात नाही, किंवा बसवतानाच वाकडा बसलाय. सुरुवातीला सगळं ठीक आणि पुढचं ऑइल बदलायची वेळ जवळ आली की त्रास सुरू, असं असेल तर रबर कडक होत चाललंय. पहिल्या प्रकारात फिल्टरचा नंबर बदला. दुसऱ्यात सिलिकॉन पडद्याचा फिल्टर घ्या. ऑइल बदलायचं अंतर वाढवून ठेवलेलं असेल तर तेही मॅन्युअलप्रमाणे परत आणा.

विकत घेण्याआधी करता येणारी तपासणी: पेन्सिलीच्या बोथट टोकाने कडेच्या एखाद्या भोकातून पडदा हलकेच दाबा. तो मऊ लागला पाहिजे आणि सोडताच परत टेकला पाहिजे. सगळ्या भोकांतून दाबून बघा, एका बाजूला फट राहिलेली चटकन कळते. स्वच्छ रबरी नळी मधल्या भोकावर घट्ट धरून हळू फुंकल्यावर कडेच्या भोकांतून हवा सरसर बाहेर येत असेल तर पडदा टेकत नाही. ही चाचणी ढोबळ आहे, थोडी हवा कोरड्या रबराजवळून निसटतेच. पण दोन फिल्टर शेजारी ठेवून फुंकले की फरक लपत नाही.

हे एवढं का तपासायचं? टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो आणि तो तरंगतो तो फक्त ऑइलच्या थरावर. रोज सकाळचे ते कोरडे सेकंद टर्बो आणि मेन बेरिंग दोघांच्याही आयुष्यातून जातात. म्हणून दिवा विझेपर्यंत रेस अजिबात करू नका.

बायपास व्हॉल्व्ह

गाळणी तुंबली किंवा थंडीत ऑइल घट्ट झालं की इंजिन उपाशी राहू नये म्हणून एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळता पुढे सोडतो. घाण ऑइल चालेल, पण ऑइलच नाही हे चालणार नाही, असा तो हिशेब आहे. हा व्हॉल्व्ह काही इंजिनांत फिल्टरच्या डब्यात असतो, काहींत फिल्टर हेडमध्ये. तुमच्या इंजिनात तो कुठे आहे हे मॅन्युअलमधून बघणं गरजेचं आहे, कारण चूक दोन्ही बाजूंनी होते. हेडमध्ये नाही आणि फिल्टरही बिनबायपासचा आणला, तर तुंबल्यावर गाळणी चेपते किंवा फाटते आणि साठलेला सगळा कचरा एकदम इंजिनात जातो. उलट, हेडमध्ये योग्य दाबाचा व्हॉल्व्ह आहे आणि फिल्टरमध्ये आणखी एक हलक्या स्प्रिंगचा आला, तर तो आधीच उघडतो आणि रोज सकाळी बरंच ऑइल न गाळताच फिरतं.

आकडे बघा. लहान पेट्रोल गाड्यांच्या बऱ्याच फिल्टरमध्ये बायपास ८ ते १५ पीएसआयच्या (दाबाचं माप) फरकाला उघडतो. हेवी डिझेलच्या फिल्टरमध्ये हा आकडा बऱ्याचदा २० च्या पुढे असतो. इथे मोजला जातो तो गाळणीच्या अलीकडचा आणि पलीकडचा फरक, गेजवर दिसणारं प्रेशर नव्हे. पेट्रोल गाडीचा सारख्या आट्यांचा फिल्टर डिझेलवर चढतो, गळत नाही, दिवाही वेळेवर विझतो, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं कळत नाही. बॉक्सवर किंवा कॅटलॉगमध्ये बायपासचा आकडा छापलेला नसेल तर असा फिल्टर मी ट्रकवर लावत नाही.

आटे

पाऊण इंची, इंचाला १६ आटे, आणि एम २० × १.५ हे दोन माप डोळ्यांना सारखेच दिसतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर आणि त्या आट्यांमधलं अंतर साधारण १.५९ मिलिमीटर. दुसऱ्याचा व्यास २० आणि अंतर १.५. एम २० चा फिल्टर पाऊण इंची स्टडवर (हेडमधला आट्यांचा दांडा) सैलसर चढतो आणि रबर रिंग टेकली की घट्ट झाल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात त्याला आट्यांच्या कडांनी जेमतेम धरलेलं असतं. थंड स्टार्टला प्रेशर उसळलं की तो निसटू शकतो, आणि मग चेंबर रिकामं व्हायला काही मिनिटं पुरतात. रबर रिंग न तेलावता एकदा कोरडाच फिरवून बघा. चढताना डबा स्टडवर डुगडुगत असेल तर तो परत द्या. फिल्टर बदलूनही तोंडाशी पुन्हा पुन्हा ओल येत असेल, तर आट्यांबरोबर जुनी रबर रिंग हेडला चिकटून राहिलीय का हेही बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर गळती होणारच, आणि ती कधीकधी एकदम फुटते.

काही इंजिनांची वेगळी गोष्ट

फोर्डच्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोकमध्ये डबा नसतो, इंजिनच्या वर हाउसिंगमध्ये नुसती कार्ट्रिज, म्हणजे डब्याशिवायची गाळणी, बसते. झाकण काढलं की हाउसिंगच्या तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल खाली उतरतं. कार्ट्रिज आणि झाकण नीट बसलं की तो परत दाबला जाऊन बंद होतो. कार्ट्रिजची उंची आणि झाकण यांची जोडी जुळली नाही तर तो पूर्ण बंद होत नाही, आणि ऑइलचा काही भाग इंजिनकडे न जाता सरळ चेंबरमध्ये परततो. या इंजिनचे इंजेक्टर इंजिन ऑइलच्याच दाबावर चालतात, त्यामुळे इथली चूक स्टार्टिंगच्या त्रासापर्यंत जाते. अशा इंजिनांना मूळ झाकण आणि त्याच मापाची कार्ट्रिज, एवढंच माझं सांगणं.

व्होल्वोच्या डी१३ वर तीन डबे शेजारी-शेजारी लटकतात. दोन फुल-फ्लो, म्हणजे सगळं ऑइल गाळणारे, आणि एक बायपास फिल्टर. वर सांगितलेल्या बायपास व्हॉल्व्हशी याचा संबंध नाही. हा ऑइलचा थोडासा भाग घेऊन फार बारीक गाळतो आणि परत चेंबरमध्ये सोडतो. त्यांचे मूळ भागक्रमांक अनुक्रमे २१७०७१३३ आणि २१७०७१३२, फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. घाईत ऑर्डर देताना इथे हमखास गोंधळ होतो.

कमिन्सच्या काही इंजिनांना दोन्ही कामं एकाच डब्यात करणारा फिल्टर लागतो, फ्लीटगार्डचा एलएफ९००९ त्या जातीचा आहे. त्याच आट्यांचे नुसते फुल-फ्लो डबेही मिळतात. ते लावले तर गाडी चालते, पण बारीक गाळणीचा भाग गायब होतो. डिझेलमध्ये त्याला महत्त्व आहे. काजळीचा सुटा कण एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान, तो साध्या गाळणीत अडकत नाही. ऑइलमधली रसायनं त्याला सुटं ठेवतात. ती थकली की कण एकमेकांना चिकटतात, गाळ होतो आणि फुल-फ्लो फिल्टर वेळेआधी तुंबतो.

मायक्रॉनचा आकडा कसा वाचावा

बॉक्सवर नुसतं ‘२० मायक्रॉन’ लिहिलं असेल तर त्यातून काही कळत नाही. २० मायक्रॉनचे निम्मे कण अडवणाराही तसं लिहू शकतो आणि जवळपास सगळे अडवणाराही. आयएसओ ४५४८-१२ या चाचणीवर दिलेला टक्का किंवा बीटा आकडा शोधा. २० मायक्रॉनला बीटा ७५ म्हणजे त्या आकाराच्या आणि त्याहून मोठ्या ७५ कणांमागे एकच पार होतो, साधारण ९८.७ टक्के अडतात. बीटा २ म्हणजे निम्मे सुटतात.

पण बारीक गाळणीच्या मागे आंधळेपणाने लागू नका. डबा लहान, चुण्या कमी आणि गाळणी अतिशय बारीक असेल तर ती लवकर तुंबते, बायपास उघडतो आणि एवढी बारीक गाळणी घेऊन पदरी न गाळलेलं ऑइलच पडतं. काचतंतूची सिंथेटिक गाळणी कागदाच्या मानाने कमी अडथळ्यात जास्त कचरा धरते आणि पाण्याने फुगत नाही. लांब अंतरावर ऑइल बदलत असाल तर तीच घ्यावी. अंतर लहान असेल तर चांगल्या कंपनीचा कागदी फिल्टरही पुरेसा आहे. आतल्या गाळणीच्या दोन्ही टोकांच्या टोप्या पुठ्ठ्यासारख्या आहेत की पत्र्याच्या, यावरून मात्र फिल्टरची प्रत ठरवू नका. चिकटवणी पक्की असेल तर दोन्ही चालतात.

जुना फिल्टर कापून बघा

हजार चर्चांपेक्षा हे जास्त शिकवतं. करवत वापरू नका, तिचा कीस आत पडतो आणि मग इंजिनातला कीस कुठला हे कळत नाही. फिल्टर कटरने तोंडाकडची कड कापा. पडदा हातात घेऊन बोटांनी दुमडा. चांगला असेल तर लगेच सरळ होतो. गेलेला असेल तर प्लास्टिकसारखा कडक लागतो, दुमडला की तसाच राहतो, नाहीतर कडेला तडकतो. गाळणीच्या चुण्या सरळ असाव्यात. त्या आत ओढल्यासारख्या नागमोडी दिसल्या तर त्या गाळणीने फार दाब सोसलाय, म्हणजे बायपास उशिरा उघडला किंवा उघडलाच नाही. चुण्या पसरून उजेडात धरा, चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटतो तो लोखंडी कीस. तांबूस किंवा चंदेरी, न चिकटणारे कण बेरिंगच्या थरांचे असू शकतात. ते दिसले तर फिल्टरची चर्चा तिथेच थांबवून बेरिंग तपासा.

नव्या फिल्टरच्या आट्यांवरून पांढरं फडकं फिरवायची सवयही लावा. आटे पाडताना राहिलेला कीस गाळणीच्या पलीकडे असतो, तो कुठेही न अडता थेट इंजिनात जातो. पिस्टनवर ऑइल उडवणाऱ्या नोझलची भोकं बारीक असतात, त्यांना असला एखादा कण पुरतो. फडक्यावर चमक दिसली की फिल्टर परत. तसंच डब्यावर बॅच नंबर नसेल, रबर रिंग खाचेत सैल असेल किंवा नेहमीच्या फिल्टरपेक्षा वजन हाताला कमी वाटत असेल तर तो डुप्लिकेट समजा.

बसवताना रिंगला नवं ऑइल लावा, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि पुढे डब्यावर लिहिलंय तेवढंच आवळा. बहुतेकांवर पाऊण ते एक फेरा असतो. पाना लावून आवळू नका. फिल्टर आधी भरून लावायचा की नाही याबाबत इंजिन कंपन्यांची मतं वेगळी आहेत, तुमच्या मॅन्युअलचं ऐका. भरायचाच असेल तर स्वच्छ ऑइल कडेच्या भोकांतून भरा, मधल्या भोकातून कधीच नको. मधून ओतलेलं ऑइल न गाळता थेट इंजिनात जातं.

हे सगळं करूनही उशीर राहिला तर

योग्य पडद्याच्या फिल्टरवरही सकाळी उशीर होतच असेल तर पंपाकडे वळा. चेंबरमधून ऑइल ओढणाऱ्या नळीची ओ-रिंग कडक होऊन हवा ओढत असेल तर थंड स्टार्टला अगदी हीच लक्षणं दिसतात. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) कचऱ्याने अर्धवट उघडा अडकला असेल तर रेस केल्यावरही प्रेशर नेहमीच्या आकड्यापर्यंत जात नाही. आणि गरम इंजिनवर आयडलचं प्रेशर महिन्यागणिक उतरत असेल तर तो बेरिंगच्या झिजेचा भाग. कमिन्सच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की स्टार्टनंतर १५ सेकंदांत ऑइल प्रेशर दिसलं नाही तर इंजिन बंद करा. इंजिन कुठलंही असो, ही सीमा पाळा. तिच्याजवळ पोहोचणारी गाडी चेंबर उतरवून नळी आणि पंप बघितल्याशिवाय लोडवर काढू नका.